गाभोळीचा मासा

शेतकऱ्यांच्या मासिकांत माशाविषयीं लेख कशाला, अशी शंका कांहीं वाचकांस येईल. जे बंधु माळकरी आहेत त्यांनीं हीं पानें उलटून पुढें गेल्यास माझी तक्रार नाहीं. परंतु ज्याच्या शेताच्या कडेनें ओढा वाहतो, ज्यानें अलीकडे शेततळें खोदलें आहे, किंवा ज्याच्या गांवीं नाल्यावर सिमेंटचा बंधारा व्हावयाचा आहे, त्यानें तरी, मग तो मासे खाणारा असो वा नसो, पुढील हकीकत वाचावी अशी माझी विनंति आहे.

गेल्या फाल्गुनांत आम्ही उभयतां मुलीकडे अमेरिकेस गेलों होतों. तिचें बिऱ्हाड आलाबामा संस्थानाच्या उत्तर भागांत आहे. हा मुलूख एके काळीं केवळ कापसाचा. वर्षानुवर्षें एकच पीक घेऊन जमीन निःसत्त्व झाली, उतारावरची माती पावसानें धुऊन नेली. पुढें १९३३ सालीं टेनेसी नदीच्या खोऱ्यासाठीं तेथील मध्यवर्ती सरकारनें एक स्वतंत्र मंडळ नेमून जागोजाग धरणें बांधलीं, तेव्हांपासून त्या प्रांताचें रूप पालटूं लागलें. त्यांपैकीं गंटर्सव्हिल येथील धरण १९३९ सालीं पुरें झालें. त्याचा जलाशय आज ‘बास’ नांवाच्या माशाकरितां साऱ्या देशांत प्रसिद्ध आहे.

हा बास मासा आपल्याकडे नाहीं. रंगानें हिरवट, कुशीवरून काळसर पट्टा गेलेला, आणि तोंड एवढें मोठें कीं जबडा डोळ्याच्याही मागें पोंचतो. लहान मासे, बेडूक, खेंकडे, जें हालेल तें गिळावें असा त्याचा स्वभाव. कुळानें निराळा, परंतु वृत्तीनें आपल्या मरळीचा भाऊ शोभेल असा.

माझे एक स्नेही, कॉलेजांत असतांना वसतिगृहांत माझ्या शेजारच्या खोलींत राहणारे, चाळीस वर्षांपूर्वीं तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. गळ टाकण्याचें वेड त्यांस फार. आम्ही आल्याचें कळतांच ते मोटार घेऊन आले आणि म्हणाले, “उद्यां पहांटे तयार राहा. दक्षिणेस एका शेतकऱ्याचें तळें आहे, त्यानें बोलावलें आहे. जागा मलाही नवी आहे, तेव्हां गुरु कोणीच नाहीं; दोघेही शिकाऊ.” मासे धरण्यासाठीं त्या देशांत सार्वजनिक पाण्यावर परवाना काढावा लागतो, आणि गळ, दांडी, चक्री वगैरे सामानावर शेंकडा दहा कर असून १९५० च्या एका कायद्यानें तो पैसा माशांच्याच संवर्धनाकडे लावतात, ही माहिती त्यांनीं वाटेंत सांगितली. छंद करणाऱ्यानेंच छंदाचें मूळ राखावें, हा हिशेब मला पटला.

तळ्यावर पोंचलों तेव्हां पाण्यावर धुकें होतें. बोटें गारठलेलीं. पाईनच्या काळ्या झाडीच्या कडेनें रेडबड नांवाच्या झाडांस निष्पर्ण फांद्यांवरच जांभळट गुलाबी फुलें आलेलीं होतीं. आपल्याकडे त्याच दिवसांत पांगारा फुलतो त्याची आठवण झाली. तळें सुमारें तीन एकरांचें. दोन टेंकड्यांमधील घळीस मातीचा बांध घालून केलेलें. बांधावर नुसतें गवत, झाड एकही नाहीं, कारण मुळें शिरून बांध फुटतो. तळ्याभोंवतीं तारेचें कुंपण, आणि गुरांसाठीं बांधाच्या खालच्या अंगास नळानें पाणी नेऊन हौद केलेला. गुरें पाण्यांत उतरून कांठ तुडवीत नाहींत, म्हणून पाणी गढूळ होत नाहीं. एवढी एकच गोष्ट पाहिली असती तरी माझी खेप फुकट गेली नसती.

मीं आपला देशी तर्क लढविला कीं, खोल पाणी तेथें मोठा मासा. स्नेह्यांनीं माझें मन मोडलें नाहीं. तासभर आम्हीं बांधाजवळच्या डोहांत गळ टाकले. कांहीं नाहीं. मग ते उठले, दोरीला बांधलेलें उष्णतामापक यंत्र खिशांतून काढलें आणि तळ्याभोंवतीं फिरून ठिकठिकाणीं पाण्यांत सोडूं लागले. बांधाजवळ सेंटिग्रेडचे बारा अंश भरले. उत्तरेकडील उथळ कोपऱ्यांत, जेथें गुडघा-मांडीएवढें पाणी होतें, तेथें पंधरा भरले. “हें बघ,” ते म्हणाले, “उत्तरेच्या कांठावर दक्षिणेकडून कललेलें ऊन सरळ पडतें, उत्तरेचा गार वारा मागच्या टेंकडीनें अडतो, आणि तळाचा काळा चिखल ऊन धरून ठेवतो. तीन अंश तुला कांहींच वाटणार नाहींत. पण माशाचें रक्त पाण्याच्याच उष्णतेचें. त्याच्या दृष्टीनें हा निराळा गांव आहे.”

हा विचार शेतकऱ्यास नवा नसावा. एकाच गांवांत खोलगट वावरांतील हरभऱ्यास थंडी लागते आणि उंचवट्यावरील वांचतो, हें आपण पाहतोंच. परंतु पाण्याकडे त्या दृष्टीनें पाहण्याची आपणांस संवय नाहीं. आपण पाणी मोजतों तें फुटांनीं आणि तासांनीं.

त्या कोपऱ्यांत आम्ही अर्धा तास अगदीं संथपणें गळ ओढीत होतों. गळास रबराचें गांडूळ लावलेलें होतें. मीं खरें गांडूळ खणून आणण्याची तयारी दाखविली तेव्हां स्नेही हंसले आणि म्हणाले कीं, येथला मासासुद्धां विलायती वस्तूच पसंत करतो. पाणी गार असतां मासा सुस्त असतो, आमिष भरभर ओढल्यास तो पाठलाग करीत नाहीं. म्हणून तळाशीं टेंकवून, थांबून थांबून ओढावयाचें. मला तें जमेना. पहिला मासा त्यांनाच लागला, दुसराही त्यांनाच. दोन्ही वीतदीड वीत लांबीचे. तिसऱ्या वेळीं मात्र दांडी अशी वांकली कीं मीं माझा गळ टाकून त्यांच्याकडे धांवलों. पांच-सहा मिनिटांनीं मासा कांठाला आला. त्यांनीं खालच्या जबड्यांत आंगठा घालून तो उचलला. पुरता पांच पौंड भरला. मनांत मीं त्याचे तुकडेही पाडून ठेविले होते.

तोंच त्यांनीं गळ काढला, मासा दोन्ही हातांनीं पाण्यांत धरला, आणि सोडून दिला.

“अरे, सोडलास काय! एवढा मासा!”

“पोट पाहिलें नाहींस? गाभोळीनें भरली होती ती. आणखी पंधरवड्यानें पाणी सतरा-अठरा अंशांवर जाईल, मग ती अंडीं घालील. त्यासाठींच तर इकडे आली होती.”

मी खरोखर चिडलों होतों. भरल्या पोटीं करावयाचें हें श्रीमंत देशाचें दयाळूपण, असें मीं बोलूनही दाखविलें. ज्यास खावयाचें नाहीं त्यानें माशाच्या तोंडांत लोखंड कां घालावें, हाही माझा प्रश्न होता. आणि त्याचें समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेलें नाहीं, हें येथें नमूद करून ठेवितों. केवळ करमणुकीसाठीं धरणें आणि सोडणें ही चाल मला प्रशस्त वाटत नाहीं.

परंतु एवढ्यांत तळ्याचे धनी आपली गाडी घेऊन आले. साठीच्या घरांतले गृहस्थ. गुरें आणि थोडा सोयाबीन हा त्यांचा व्यवसाय. त्यांच्याजवळ एक मळकी वही होती. कोणता मासा लागला, लांबी किती, वजन किती, ठेवला कीं सोडला, हें सारें त्यांनीं टिपून घेतलें. मोठी मादी सोडल्याचें ऐकून त्यांनीं मान डोलावली. पण त्याबरोबरच ते म्हणाले कीं, फूटभर लांबीचे जितके मिळतील तितके घरीं न्या, एकही परत टाकूं नका. येथें मी चक्रावलों. हे गृहस्थ दयाळूही नव्हते आणि हौशीही नव्हते. ते सरळ शेती करीत होते.

त्यांचा हिशेब असा. तळ्यांत दोन जातींचे मासे आहेत. एक ब्लूगिल नांवाचा लहान चपटा मासा, तो कीटक आणि किडे खाऊन वाढतो. दुसरा बास, तो ब्लूगिलची पिलें खाऊन वाढतो. बास फार मारले तर ब्लूगिल बेसुमार होतात आणि खाणें न पुरल्यामुळें सारे तळहाताहूनही लहान राहतात. उलट बास मुळींच न मारले तर त्यांचीच गर्दी होते आणि फूटभराचे बास उपाशी राहून खंगतात. म्हणून कोणता काढावा व कोणता ठेवावा, हें वहीवरून ठरवावयाचें. या शास्त्राचा पाया त्याच संस्थानांतील आलाबामा पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमध्यें, म्हणजे आजच्या ऑबर्न विद्यापीठांत, होमर स्विंगल नांवाच्या संशोधकानें १९३० नंतरच्या दशकांत घातला. तळीं बांधून, त्यांत मोजून मासे सोडून आणि पुढें तळीं रिकामीं करून मासे पुन्हा मोजून त्यानें प्रमाणें ठरविलीं. खत घातलेल्या तळ्यास एकरीं दीड हजार ब्लूगिल आणि शंभर बास, हें त्याचें प्रमाण तिकडील शेतकऱ्यांच्या तोंडीं बसलें. खत म्हणजे पिकास घालतों तेंच स्फुरदयुक्त खत. त्यानें पाणी हिरवें होतें, हिरव्या पाण्यावर कीटक वाढतात, कीटकांवर मासा. आपल्या जमिनींतून जसें पीक, तसें पाण्यांतून हें पीक, इतका सरळ मामला.

सांगण्याप्रमाणें आम्हीं फूटभराचे पांच घरीं आणले. सौ. नें आपला मसाला लावून, रव्यांत घोळून तळले. जिताड्याची सर त्यांस नाहीं. पण वाईट म्हणवत नाहीं.

त्या रात्रीं स्नेह्यांनीं मला एक हकीकत सांगितली. १९३२ सालीं शेजारच्या जॉर्जिया संस्थानांत जॉर्ज पेरी नांवाचा विशीच्या आंतबाहेरचा एक गरीब शेतकरी होता. २ जून रोजीं पावसामुळें शेतांत वाफसा नव्हता, काम बंद. म्हणून तो एका मित्रास घेऊन माँटगोमेरी नांवाच्या तळ्यावर मासे धरण्यास गेला. तेथें त्यास २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोंच्या वरचा, बास लागला. त्यानें तो जवळच्या गांवांत वजन करविला आणि घरीं नेऊन कुटुंबानें खाल्ला. तो विक्रम अद्याप कोणी मोडलेला नाहीं. २००९ सालीं जपानांतील बिवा सरोवरांत एकानें त्याची बरोबरी तेवढी केली. पेरीच्या मनांत तो मासा सोडून देण्याचा विचार येणें शक्य नव्हतें, आणि त्याबद्दल त्यास कोणी नांवें ठेवूं नयेत. ते दिवस मंदीचे होते आणि घरांत खाणारीं तोंडें होतीं. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतों, कारण पुढें जें लिहावयाचें आहे तें गरिबांच्या टोपलीविरुद्ध आहे असा समज मला होऊं द्यावयाचा नाहीं.

आतां आपल्या घरीं येऊं. आमचें गांव पाटण तालुक्यांत, सह्याद्रीच्या कुशींत. मृगाचा पहिला मोठा पाऊस होऊन ओढ्यास गढूळ पाणी आलें कीं नदींतले मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात. यांसच आम्ही चढणीचे मासे म्हणतों. कोंकणांत यांना वलगणीचे मासे म्हणतात. शिंगटी, वाम, मरळ, खवल्यांच्या कितीक जाती. ओढ्यांतून पाटांत, पाटांतून भातखाचरांत. आमच्या लहानपणीं कंदील आणि काठ्या घेऊन सारें गांव रात्रीं ओढ्यावर असे. सकाळीं घराघरांतून गाभोळी तळल्याचा वास येई. त्या चवीची आठवण आजही माझ्या जिभेवर आहे, आणि मीं ती पोटभर खाल्ली आहे, हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

तळ्याच्या कांठीं मला कळलें तें इतकेंच कीं, बासचा तो उथळ कोपरा आणि आमचीं भातखाचरें एकच. तिकडे माशास बोलावतें ऊन, इकडे बोलावतो पूर. तिकडे पाणी पंधरा अंशांवर गेलें कीं मादी कांठाला येते. इकडे नवें पाणी उतरलें कीं ती वर चढते. कां चढते, तर उथळ, उबदार, नव्या पाण्यांत पिलांस खाणें मिळतें आणि मोठे वैरी तेथें पोंचत नाहींत. म्हणजे चढणीचा मासा हा बहुतेक गाभोळीचाच मासा होय. जोंधळ्याचें कणीस तयार झाल्यावर उत्तम कणसें निवडून बियाणें बाजूला ठेवणारा आपला शेतकरी, नदीचें बियाणें मात्र पेरणीच्याच रात्रीं भाजून खातो.

मरळीची गोष्ट याहून वाईट आहे. मरळ नर-मादी पिलें राखतात. पावसाळ्यांत गवताळ तळ्यांत लाल पिलांचा थवा पाण्यावर दिसतो आणि त्याच्या खालीं आईबाप असतात. त्या वेळीं ते थव्याजवळ आलेल्या कशावरही झडप घालतात, म्हणून गळास हमखास लागतात. आणि ते गेले कीं दोन दिवसांत थवा नाहींसा होतो. बासचा नरही असेंच घरटें राखतो व असाच फसतो. याच कारणास्तव कॅनडांतील ऑन्टेरिओ प्रांताच्या बऱ्याच भागांत जूनचा उत्तरार्ध येईपर्यंत बास धरून घरीं नेण्यास मनाई असते. आपल्याकडे पावसाळ्याच्या आरंभीं समुद्रांत यांत्रिक नौकांस बंदी असते, ती याच विचारानें. ओढ्यास मात्र कोणी वाली नाहीं.

हें रडगाणें नवें आहे असेंही नाहीं. १८७३ सालीं फ्रान्सिस डे यानें हिंदुस्थान व ब्रह्मदेशांतील गोड्या पाण्याच्या माशांविषयीं जो अहवाल लिहिला, त्यांत गाभोळीचे मासे आणि पिलें यांच्या नाशाबद्दल प्रांतोप्रांतींच्या अधिकाऱ्यांचीं उत्तरें जमविलेलीं आहेत. त्यानंतर चोवीस वर्षांनीं, १८९७ सालीं, पाण्यांत सुरुंग उडविणें व विष कालविणें यांस बंदी करणारा कायदा झाला. कायद्यास सव्वाशे वर्षें उलटलीं; आणि डोहांत ब्लीचिंग पावडर टाकून सकाळीं पांढरीं पोटें वेंचणारे लोक कोणत्या गांवीं नाहींत, हें वाचकांनींच सांगावें.

कोणी म्हणेल, हीं विलायती थेरें. तसें नाहीं. महाडजवळ वाळणकोंड येथें काळ नदीच्या डोहांत महसीर मासे देवीचे म्हणून राखलेले आहेत. त्यांस कोणी हात लावीत नाहीं. असे देवाचे डोह अन्यत्रही आहेत. गळाचा खेळही आपल्याकडे जुना. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या सुमारें ११३० सालच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत मत्स्यविनोद म्हणून प्रकरणच आहे आणि कोणत्या माशास कोणतें आमिष द्यावें हें त्यांत सांगितलें आहे. म्हणजे धरण्याची विद्याही आपली, राखण्याचीही आपली. पहिली तेवढी आपण लक्षांत ठेवली.

आतां दोष कोणाचा? ओढ्यावर टोपली घेऊन बसणाऱ्या कातकरी बाईचा नव्हे. तिच्या टोपलीनें हजारों वर्षें ओढा रिता झाला नाहीं. रिता झाला तो बारीक नायलॉनचें जाळें या कांठापासून त्या कांठापर्यंत बांधून रात्रभर ठेवूं लागलों तेव्हां, विष टाकूं लागलों तेव्हां, आणि वाट अडविली तेव्हां. या शेवटच्या गोष्टींत माझा स्वतःचा हात आहे. दहा-बारा वर्षांपूर्वीं आमच्या ओढ्यावर सिमेंटचा बंधारा झाला. गांवच्या समितींत मीही होतों आणि मीं हौसेनें हात वर केला. विहिरींस पाणी वाढलें, हें खरें. पुन्हा मत द्यावयाची वेळ आली तर बंधाऱ्याच्याच बाजूनें देईन. परंतु पुरुषभर उंचीच्या त्या सरळ भिंतीवर कोणता मासा चढणार? कोल्हापुरी बंधाऱ्याच्या फळ्या पावसाळ्यांत काढलेल्या असतात, म्हणून त्यांतून वाट तरी राहते. या भिंतीस वाटच नाहीं. पहिल्या वर्षीं भिंतीच्या पायथ्याशीं मासे इतके गोळा झाले कीं पोरांनीं घमेल्यांनीं उपसून नेले. दुसऱ्या वर्षीं त्याहून कमी. गेलीं पांच वर्षें माझ्या खाचरांत चढणीचा एकही मासा आलेला नाहीं. आणि खाचरांतल्या पाण्यांत डांसांच्या अळ्या मात्र मावत नाहींत. याचा संबंध त्या वेळीं माझ्या ध्यानांत आला नाहीं. तो यावयास सातासमुद्रांपलीकडील एका तळ्याचा कोपरा पाहावा लागला.

भिंत पाडा असें मी म्हणत नाहीं. भिंतीच्या एका बाजूस, खालच्या अंगाला, मोठे दगड रचून सांध्यांत सिमेंट भरून लांबट उतार करावा आणि वरच्या कडेस हातभर रुंद खांच ठेवावी, म्हणजे पुराचें थोडें पाणी त्या उतारावरून खेळत येईल व मासा दगडाआड विसावा घेत घेत चढेल. खांचेस फळी बसविली कीं पावसाळ्यानंतर पाणी अडविण्यास अडचण नाहीं. उतार जितका लांब तितका चांगला. बंधाऱ्याच्या खर्चापुढें याचा खर्च कांहींच नाहीं. पण तो नकाशांत आधीं दाखवावा लागतो, मागाहून कोणी पैसे देत नाहीं. आणि नकाशावर सही करणारे आपणच असतों. तसेंच मृग व आर्द्रा या दोन नक्षत्रांपुरता ओढ्याचा निम्मा पाट जाळ्यावांचून मोकळा ठेवावा, असा ठराव ग्रामसभेनें केल्यास तो पाळणें कठिण नाहीं. निम्मा म्हणतों, सबंध नव्हे. सबंध बंदी कागदावर राहते, आणि तिचा दंडा पुन्हा त्या टोपलीवाल्या बाईच्याच पाठीवर बसतो.

राहिलें शेततळें. २०१६ सालीं सरकारनें ‘मागेल त्याला शेततळें’ ही योजना काढली, तेव्हांपासून दुष्काळी तालुक्यांत जिकडे तिकडे तळीं झालीं. बास पाहून आलेल्या माणसानें तो मासा येथें आणावा असें म्हणेल ही भीति नको. माझें म्हणणें नेमकें उलट आहे. जपानांत १९२५ सालीं बास नेला. १९७४ च्या सुमारास तो बिवा सरोवरांत आढळला, तेथील मूळच्या लहान माशांचा त्यानें फन्ना उडविला, आणि २००५ पासून तेथें तो बाळगण्यास वा सोडण्यास कायद्यानें मनाई झाली. ग्वाटेमालांतील आतित्लान सरोवरांत तो १९५८ नंतर सोडला. तेथील एक पाणपक्षी पुढें जगांतून नाहींसा झाला, त्याच्या कारणांत या माशाचीही गणना होते. आपल्याकडे १९५२ सालीं आलेला तिलापिया आज कोणत्या तळ्यांत नाहीं? आणि २००० सालीं बंदी होऊनही आफ्रिकेचा मांगूर चोरून पोसला जातोच. परक्या भक्षक माशास तळ्याचा बांध पुरत नाहीं. एका पुरांत तो नदींत जातो.

आपल्या तळ्यास आपला कटला, रोहू आणि मृगळ योग्य. वरच्या थरांतला कटला, मधला रोहू, तळचा मृगळ, अशी तिघांची पंगत एकमेकांच्या ताटांत हात न घालतां जेवते. परंतु एक भेद शेतकऱ्यानें पक्का ध्यानांत ठेवावा. बास आणि ब्लूगिल सांठवलेल्या पाण्यांत स्वतः वितात. म्हणून त्या गृहस्थांनीं एकदां मासे सोडले कीं पुढें वही सांभाळली म्हणजे झालें. रोहू-कटला वाहत्या पुराशिवाय अंडीं घालीत नाहींत. १० जुलै १९५७ रोजीं हिरालाल चौधरी यांनीं ओडिशांत माशाच्या मस्तकग्रंथीचा अर्क टोंचून त्यांस वितविलें, तोंपर्यंत बहुतेक मत्स्यबीज नदींतून गोळा करावें लागे. तेव्हां शेततळ्यांतला आपला मासा हा झाडासारखा नाहीं, पिकासारखा आहे; दर वर्षीं नवें बीज घालावें आणि दर वर्षीं काढावें. मत्स्यजिरे स्वस्त मिळतात म्हणून तेच टाकूं नयेत. बेडूक व पाणकिडे त्यांचा फडशा पाडतात. बोटाएवढीं बोटुकलीं घ्यावींत, हेक्टरीं पांच ते दहा हजारांच्या हिशेबानें. प्लॅस्टिक अंथरलेल्या तळ्यास चिखल नसतो, म्हणून नैसर्गिक खाणें कमी. तेथें संख्या बेतानें धरून पेंड व कोंडा घालावा लागतो. आणि वैशाखांत चार-पांच फूट पाणी उरणार नसेल तर त्याच्या आधींच मासा विकून मोकळें व्हावें.

स्नेह्यांचें पत्र परवां आलें. त्या तळ्याच्या वहींत उन्हाळाअखेर बोटभर लांबीच्या बासच्या पिलांची नोंद झाली आहे, आणि धन्यांनीं माझ्यासाठीं पुढच्या फाल्गुनाचें आमंत्रण धाडलें आहे. जाणें होईलसें दिसत नाहीं. आमच्या ओढ्यावर खालच्या अंगास आणखी एक बंधारा मंजूर झाला आहे. त्याचा नकाशा येत्या ग्रामसभेपुढें यावयाचा आहे, आणि उताराची रेघ त्यावर अजून कोणीं काढलेली नाहीं.